खातंय, पण अंगाला लागंना

या सदरातून आजवर आम्ही शिष्यवृत्तीच्या अर्जांवर लिहिले, जातपडताळणीच्या कागदांवर लिहिले, लेकरांच्या वजनावर आणि बाळंतिणीच्या आहारावर लिहिले. आज मांजरावर लिहीत आहोत. काही वाचक हसतील हे आम्हाला ठाऊक आहे. "समाजापुढे प्रश्न काय थोडे आहेत, म्हणून हे मांजर काढले?" असे एखादे पत्रही येईल. येऊ द्या. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या देगलूरच्या वस्तीत एका मांजराच्या पोटाच्या दुखण्यावरून जी चर्चा झाली ती ओट्यावरून थेट विहारापर्यंत गेली, आणि तिच्यातून निघालेले प्रश्न मांजरापुरते नव्हते. म्हणून लिहिणे भाग आहे.

मांजराचे नाव मनी. ते वस्तीतल्या एका आजींचे. आजींची गुजराण निराधार योजनेच्या अनुदानावर आणि हंगामातल्या खुरपणीच्या रोजावर. दोन खणांचे घर, वर पत्रे. रेशनचे गहू-तांदूळ आणि दोन-चार पायल्या तूर हीच घरातली इस्टेट, आणि तिच्यावर उंदरांचा डोळा. म्हणून कोणाकडून तरी पिल्लू आणले. देगलूर पडले सीमेवरचे गाव. आमच्या गल्लीत मनीला कोणी 'पिल्ली' म्हणतो, कोणी 'बिल्ली', कोणी 'बेक्कु'. ती सगळ्यांना ओ देते आणि सगळ्यांच्या घरी जेवते. हे सगळ्यांच्या घरी जेवणे वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे.

दोन वर्षे मनीने घरात उंदीर ठेवला नाही. मग तिचे पोट बिघडले. आठ-पंधरा दिवसांत बरे होईल म्हणून आजींनी वाट पाहिली. असे करता करता चार महिने गेले. एक दिवस विहारात आजी आमच्यापाशी आल्या. "दादा, जयभीम. मांजर खायलंय बघा लई, पण अंगाला लागंना. दिवसातून चार-चार बार भाईर जातंय. पातळ. अन् वास तर असा की घरात बसू देईना." आम्ही जाऊन पाहिले. पाठीवरून हात फिरवला तर कण्याचे मणी मोजता येत होते. शेपटीखालचे केस चिकटलेले, अंगावरची लव रापलेली. मांजर हे दिवसाचा बराच वेळ अंग चाटण्यात घालवणारे जनावर. त्याने अंग चाटणे सोडले की समजावे, दुखणे मुरले आहे.

सल्ले द्यायला आपल्याकडे माणसांचा तोटा नाही. एक बाई म्हणाल्या, नजर लागली, मीठ-मिरची ओवाळून टाका. एकाने तापलेल्या सळईने पोटावर डाग द्यायला सांगितले. गुरांना देतात, मग मांजराला का नको? आपल्या मराठवाड्यात लेकराचे पोट फुगले की पोटावर बिब्बा घालणाऱ्या आज्या होत्या. त्या बिब्ब्याने पोटे बरी झाली नाहीत, कातडी मात्र भाजली. तिसऱ्याने सोपा मार्ग काढला: पोत्यात घाला आणि लेंडी नदीच्या पलीकडे सोडून या. मारून टाका असे मात्र कोणी म्हणाले नाही. कारण मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान द्यावे लागते ही भीती अजून कोणाकोणाच्या मनात बसून आहे! भटजीच्या सोन्याच्या मांजराला भ्यायचे, आणि जिवंत मांजर मात्र पोत्यात घालून उपाशी मरायला सोडायचे. धम्मदीक्षेला इतकी वर्षे झाली तरी हा माल आपल्या घरांतून पुरता बाहेर गेलेला नाही, हे आम्हाला खेदाने नोंदवावे लागते. कायद्याचेही सांगून ठेवतो. जनावर उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी कारण नसताना सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

पण आम्हाला खरी अडचण पडली ती वेगळ्याच बोलण्याची. आमच्या चळवळीतले एक जुने कार्यकर्ते, नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले, विहाराच्या पायरीवर बसून सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "महाडच्या तळ्यावर कुत्री-मांजरे पाणी पीत होती, बंदी होती ती आपल्याला. पाटलाच्या वाड्यात मांजर चुलीपर्यंत जायचं अन् माझा बाप अंगणाबाहेर उभा. ज्यांनी मुंग्यांना साखर घातली त्यांनीच आपल्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. अन् आता तुम्ही आम्हाला मांजराची सेवा शिकवता?"

या बोलण्यात राग आहे, आणि तो खरा आहे. त्याला थातुरमातुर उत्तर देता येत नाही. जातीच्या माणसाने जनावराला जवळ केले आणि माणसाला दूर ठेवले, हा या देशाचा इतिहास आहे. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन प्याले ते यासाठीच. पण तळ्यावर पाणी प्यायला येणाऱ्या मांजराचा त्यात काय अपराध होता? वाड्यातल्या चुलीपाशी मांजर बसले, ते कोणाची जात विचारून बसले नव्हते. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली तेरावी कशाची आहे? सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे लालन-पालन करण्याची. नुसती दया असती तर मुंगीला चिमूटभर साखर टाकून भागले असते. त्या साखरेत पुण्य मोजणारा मुंगीचे पोट दुखते का हे पाहायला थांबत नाही. लालन-पालन म्हटले की काम आले. खाऊ घालणे आले, घाण काढणे आले, दवाखान्याची पायरी आली.

वर्षावासाचे दिवस होते. विहारात रोज संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू होते. तथागतांच्या करुणेच्या भागात एक प्रसंग आहे, तो बहुतेक वाचकांच्या ऐकण्यात असेल. एक भिक्खू पोटाच्या विकाराने, अतिसाराने, आपल्याच घाणीत पडला होता. भगवान बुद्ध आणि आनंद तेथे आले. विचारपूस केली तेव्हा कळले की त्याच्याजवळ कोणीच येत नाही, कारण इतर भिक्खूंच्या तो काही उपयोगाचा नाही. भगवंतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी घातले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी त्याला उचलून बिछान्यावर ठेवले. हा प्रसंग विनयपिटकातला आहे आणि बाबासाहेबांनी तो आपल्या ग्रंथात मुद्दाम घेतला आहे. आम्ही तो त्या दिवशी मोठ्याने वाचला. पोटाचे दुखणे हे असे दुखणे आहे की आजाऱ्याची दया येण्याआधी घाणीची किळस येते, आणि ज्याचा उपयोग संपला त्याची तर कोणी किळसही करीत नाही, सोडून देतात. मनीचे उंदीर मारणे थांबले होते, म्हणूनच पोत्याची गोष्ट निघाली होती. सम्राट अशोकाच्या गिरनारच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्हींची व्यवस्था केल्याचे कोरलेले आहे. दोन हजार दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीचा तो खडक आहे. तेव्हा मांजराला दवाखाना ही शहरातल्या श्रीमंतांची हौस आहे असे कोणी समजू नये.

जुने कार्यकर्ते त्यावर काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्यांच्या नातवाच्या हाती आजींकडे झाकणाची एक टोपली आली, मांजर दवाखान्यात न्यायला.

आता प्रत्यक्ष काय केले ते सांगतो. आम्ही कारकुनी पेशाचे. जमा काय आणि खर्च काय हे कागदावर आल्याशिवाय आम्हाला काही कळत नाही. आजींच्या नातीला एक दोनशे पानी वही दिली आणि सांगितले की मनीचे खाते काढ. डाव्या बाजूला तिने काय खाल्ले, किती वाजता, कोणाच्या घरी. उजव्या बाजूला किती वेळा शौचाला गेली, पातळ की घट्ट, रंग कोणता, चिकट शेम आहे का, रक्त आहे का, ओकली का. आणि आठवड्यातून एकदा वजन. वजनासाठी वेगळा काटा लागत नाही. किराणा दुकानदाराचा काटा आहे. मांजर कापडी पिशवीत घालून तोलायचे आणि पिशवीचे वजन वजा करायचे. पहिल्या दिवशी मनी भरली एक किलो नऊशे ग्रॅम. आपल्याकडची वाढलेली मांजरी साधारणपणे अडीच ते चार किलोंची असते, बोका त्याहून थोडा भारी. काटा नसेल तर हात आहे. बरगड्यांवरून हात फिरवला की त्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत. दिसू लागल्या तर मांजर खंगले आहे.

उजव्या बाजूच्या नोंदीला हसू नका. डॉक्टर तीच आधी विचारतात. शौच भरपूर पातळ होत असेल आणि वजन उतरत असेल तर दुखणे बहुधा लहान आतड्याचे; तेथेच अन्न अंगी लागते. थोडे थोडे, पुन्हा पुन्हा, कुंथून, शेम आणि लाल रक्त घेऊन होत असेल आणि वजन टिकून असेल तर मोठ्या आतड्याचे. दोन्हीही असू शकते. ही माहिती जनावर सांगू शकत नाही, ती घरच्या माणसानेच द्यायची.

आठ दिवसांत वही बोलू लागली. मनीचा मुक्काम एका घरी असला तरी जेवण पाच घरी होते. सकाळी एका घरी चहाचे उरलेले दूध, दुसऱ्या घरी दूध-भाकरी, दुपारी फोडणीचे वरण-भात, संध्याकाळी परत दूध. प्रत्येक घरी प्रेमाने. आपल्या मनात मांजर आणि दूध यांचे लग्न लागलेले आहे. मांजर डोळे मिटून दूध पिते ही म्हणसुद्धा आहे. पण दुधातली साखर पचवणारा पाचकरस मांजर लहान असताना भरपूर असतो, मोठेपणी बहुतेक मांजरांत तो कमी होतो. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढते, आंबते आणि हगवण लागते. पितेही आवडीने आणि हगतेही त्यानेच. आम्ही पाचही घरी जाऊन हात जोडले: दूध बंद, वरण-भात बंद. एका घरच्या बाईंना राग आला, "आमच्या हातचं चालत नाही का?" त्यांना समजावायला अर्धा तास आणि दोन कप चहा लागला. दूध बंद झाल्यावर तीन-चार दिवसांत चार वेळचे दोन वेळ झाले. पण वजन काही हलले नाही.

आजींनी मग सांगितले की मनीच्या अंथरुणात तांदळाच्या कण्यांसारखे काहीतरी दिसते, कधी वळवळते. हे चपट्या जंताचे तुकडे. मांजराला पिसवा असतात, ते अंग चाटताना पिसू गिळते आणि पिसवेतून हा जंत पोटात जातो. उंदरातूनही त्याचा एक प्रकार येतो. दुसरा जंत शेवयांसारखा लांब आणि गोल; तो पिल्लांना आईच्या दुधातून मिळतो. पोट नगाऱ्यासारखे आणि बाकी अंग काडीसारखे असे पिल्लू दिसले की तोच समजावा.

जंताची गोळी म्हटल्याबरोबर एका ताईंनी अंगणवाडीची आठवण काढली. १० फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला लेकरांना देतात ती गोळी घरात उरली आहे, अर्धी देऊ का? देऊ नका. ती गोळी लेकरांची. ते औषध मांजराला चुकीच्या मापात गेले तर रक्त तयार करणाऱ्या मगजेवर परिणाम करते. मांजराच्या जंतांची गोळी वेगळी मिळते, ती वजनावर मोजून देतात. चपट्या आणि गोल दोन्ही जंतांवर चालणारी मागावी, आणि दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टर सांगतील तसा दुसरा डोस द्यावा, कारण पहिल्या वेळी अंड्यांतले आणि पिलावळीतले जंत सुटतात. पिसवा गेल्या नाहीत तर महिन्याभरात चपटा जंत परत. अंथरूण-पांघरूण उकळत्या पाण्यात घालून उन्हात वाळवणे हा उपाय बिनपैशाचा आहे. गोळीचा खर्च म्हणाल तर एका नाष्ट्याच्या पैशात येते.

येथे माणसांच्या औषधांविषयी कडक शब्दांत लिहितो. पॅरासिटामॉल, आपल्या घरोघरी तापाला आणि अंगदुखीला असलेली साधी गोळी, मांजराला विष आहे. ती पचवून बाहेर टाकण्याची रचना मांजराच्या यकृतात नाही. एका गोळीने मोठे मांजर मरू शकते. आपल्याकडे फरशी पुसायला जे पांढरे-काळे फिनाईल वापरतात, त्यावर मांजर चालते आणि मग पाय चाटते. तेही त्याला बाधते. पुसायचेच तर साबणाच्या पाण्याने पुसा. कुत्र्याचे पिसवांचे औषध मांजराला लावू नका, त्याने झटके येऊन मांजरे मरतात. गॅमॅक्सिनच्या किंवा कोणत्याही कीटकनाशक पावडरीचे तर नावच नको. हगवण थांबवणारी आपली गोळीही नको.

आजी मनीला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात गेल्या. एका ठिकाणी त्यांना "मांजर काय आणलं, म्हैस आणा" असे ऐकून परत यावे लागले. कोणत्या ठिकाणी ते लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही वही घेऊन सोबत गेलो, दुसऱ्या डॉक्टरांनी वही उघडली आणि शेवटपर्यंत वाचली. सरकारी दवाखान्यात नाममात्र पैशात केसपेपर निघतो. तो गाय-म्हशीसाठी जसा आहे तसा मांजरासाठीही आहे, आणि तो मागण्यात कसला कमीपणा? १९६२ हा फोन क्रमांक पशुसंवर्धनाच्या फिरत्या पथकाचा आहे. त्याचे मुख्य काम गुराढोरांचे, तरी विचारायला हरकत नाही.

जंताची औषधे झाली, तरी मनीला चिकट शेम पडत होती. तेव्हा डॉक्टरांनी शौच तपासून आणा म्हटले. आपल्या भागाचे नशीब असे की उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ते आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे आहे. देगलूरहून एस.टी.ने जाऊन-येऊन एक दिवसाचे काम. त्या तपासणीत जिआर्डिया नावाचा एकपेशी जंतू निघाला. हा डोळ्यांना दिसत नाही, गढूळ पाण्यातून आणि घाणीतून येतो. पावसाळ्यात नळाला येणाऱ्या पाण्याचा रंग आपण सगळे पाहतोच. हा जंतू रोजच्या शौचात पडतो असे नाही, म्हणून एक नमुना कोरा निघाला तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचा पुन्हा पाहतात. औषध पाच दिवसांचे होते. मांजराचे पाणी उकळून गार केलेले द्या असे सांगितले, आणि तेच पाणी लेकरांनाही द्या असे आम्ही वरून सांगितले.

त्यानंतर खाण्याचा प्रश्न आला. आमच्या मते हाच सर्वांत मोठा आणि सर्वांत कमी समजलेला. मांजर मांसाहारी आहे. आवडीने नव्हे, शरीराच्या रचनेने. कुत्रा भाकरीवर जगतो, मांजर खंगते. टॉरिन नावाचा एक घटक मांजराला मांसातूनच मिळावा लागतो, त्याचे शरीर तो पुरेसा बनवीत नाही. तो कमी पडला तर डोळ्यांचा पडदा खराब होऊन आंधळेपण येते, आणि हृदय मोठे व कमजोर होते. हे हृदयाचे कारण १९८७ साली अमेरिकेतील संशोधनात पक्के झाले. पूर्वी आपली मांजरे भाकरी-दुधावर जगली कशी, असे कोणी विचारील. ती भाकरीवर जगली नाहीत, उंदरांवर जगली. आजारी मांजराची उंदरांची शिकार बंद होते आणि मग हाती राहते फक्त भाकरी.

रोजाने जाणाऱ्या आजींनी मांस कोठून आणावे? चिकनच्या दुकानात मान, काळीज, कलेजी-पेटा हा माल मांसाच्या मानाने स्वस्त मिळतो. कोंबडीचे हृदय आणि मांडीचे गडद मांस यांत टॉरिन चांगले असते. हळद, मीठ, तिखट, तेल काही नाही. नुसत्या पाण्यात शिजवायचे. कांदा-लसूण तर मुळीच नको, त्याने मांजराचे रक्त फुटते. शिजवलेले हाड चिरफळून आतड्यात टोचते, म्हणून मानेतले हाड काढून टाकायचे. शिजवलेले पाणी फेकायचे नाही, टॉरिन त्यात उतरते, तेच वरून घालायचे. कलेजी आठवड्यातून एक-दोनदाच आणि बोटाच्या पेराएवढी. ती रोज भरपूर दिली तर अ जीवनसत्त्व वाढून हाडे धरतात. अडीच-तीन किलोच्या मांजराला दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम शिजवलेले मांस, तेही एकदम नाही, चार-पाच वेळा थोडे थोडे. दुखऱ्या आतड्याला एकदम भरलेले ताट झेपत नाही. अधूनमधून उकडलेले अंडे चालते. सुकट-बोंबील खारट, द्यायचेच झाले तर भिजवून, दोन पाणी काढून. मात्र नुसत्या मांसात चुना कमी असतो, आणि वाढत्या पिल्लाला तेवढ्यावर ठेवले तर हाडे वाकतात. म्हणून थोडे तयार मांजर-खाद्य सोबत द्यावे. त्याची लहान पाकिटे आता तालुक्याच्या गावीही मिळतात. कुत्र्याचे खाद्य मांजराला पुरत नाही.

खाणे बदलायचे ते आठ-दहा दिवस घेऊन, जुन्यात नवे थोडे थोडे मिसळून. आणि बदलले की दोन आठवडे दुसरे काही तोंडाला लावू द्यायचे नाही. पाच घरच्या जेवणाचा खरा तोटा येथे आहे. काय बाधते हे कळायचे तर एकच खाणे पोटात गेले पाहिजे. आजींच्या नातीने मनीच्या गळ्यात एक चिठ्ठी बांधली, 'मला खायला देऊ नका, औषध चालू आहे'. गल्लीत सगळे वाचू लागले. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांनी लेकरांकडून वाचून घेतले.

आजींवर टीकाही झाली. "म्हातारीला सोताला खायला नाही अन् मांजराला कोंबडी." हे बोलणारे लोक लग्नातल्या बँडवर आणि डीजेवर किती उडवतात, त्याचा हिशोब आम्ही मागितला नाही. आजींचा हिशोब वहीत आहे. त्यांनी तंबाखू अर्धी केली, ते पैसे मानेला जातात. गरिबाने जीव लावायचा तर आधी कोणाची परवानगी काढायची, हे आम्हाला तरी माहीत नाही.

तीन महिन्यांनी मनी दोन किलो सातशे भरली. लव परत चकाकू लागली आहे. ती पूर्ण बरी झाली असे मात्र आम्ही म्हणणार नाही. शेजारच्या बारशाच्या जेवणात तिने शिरून काही खाल्ले की दोन दिवस वहीची उजवी बाजू भरते. आतड्याची जुनी सूज असू शकते असे डॉक्टर म्हणतात. अशा मांजरांना ब-१२ जीवनसत्त्व अंगी लागत नाही, म्हणून त्याची इंजेक्शने काही आठवडे देतात. ती महाग नसतात. सूज वाढली तर स्टेरॉइडची गोळी द्यावी लागते, ती मनाने सुरू करायची नाही आणि मनाने एकदम बंदही करायची नाही. मांजर दहा वर्षांपुढचे असेल, खाऊन खंगत असेल, तर गोष्ट निराळी. तेव्हा थायरॉइड, मूत्रपिंड, साखर यांसाठी रक्त तपासावे लागते, नुसत्या जंताच्या गोळ्या देत बसू नये.

पिल्लाच्या बाबतीत चार महिने काय, चार दिवसही वाट पाहू नका. उलट्या, रक्ताची हगवण आणि खाणे बंद असे एकदम झाले तर तो बहुधा मांजरांचा साथीचा विषाणू असतो, एक-दोन दिवसांत जीव जातो. त्याची लस आहे, पिल्लू दोन महिन्यांचे झाले की विचारावी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती लगेच खाली बसली नाही, तर अंगातले पाणी गेले आहे. त्याच दिवशी सलाईन लागते. मोठ्या मांजरानेही दोन दिवस तोंड लावले नाही तर दवाखाना.

घरात लेकरे आहेत म्हणून एवढे पाळावे. मांजराला जुन्या घमेल्यात राख किंवा वाळू ठेवावी आणि घाण रोजच्या रोज उचलून पुरावी. शौचातली जंताची अंडी पडल्या पडल्या बाधत नाहीत, त्यांना काही दिवस लागतात, म्हणून रोज उचलण्याला महत्त्व. हे काम गरोदर बाईने करू नये, घरातल्या पुरुषांनी करावे. करून हात साबणाने धुवावेत. मांजर चावले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे वाहत्या पाण्यात धुऊन सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची सुई घ्यावी. हळद-चुना लावून बसू नये.

उदगीरला किंवा जवळच्या दवाखान्यात तपासणीसाठी नमुना नेणार असाल तर तो त्याच सकाळचा हवा. सुपारीएवढा पुरे. राख-वाळू न लागलेला वरचा भाग घ्या, घट्ट झाकणाच्या स्वच्छ प्लास्टिकच्या डबीत ठेवा, डबीवर तारीख आणि वेळ लिहा, उन्हात धरू नका. मांजरालाही सोबत न्या, टोपलीचे झाकण सुतळीने बांधा आणि आत त्याच्या अंथरुणाचा तुकडा टाका, म्हणजे एस.टी.त ते ओरडत नाही. मनी मात्र ओरडली. कंडक्टरने तिकीट मागितले नाही. आणि वही विसरू नका.